नवीन इलेक्ट्रिक गिटार खरखरतेय आणि १४व्या फ्रेटला सूर मरतोय, सेटअप करायचा की परत करायची?

सहातारी

नमस्कार मंडळी. पाच वर्षं अकूस्टिक वाजवल्यावर गेल्या आठवड्यात पहिली इलेक्ट्रिक घेतली. स्ट्रॅटच्या (फेंडरच्या प्रसिद्ध मॉडेलच्या) धर्तीची आहे, तीन सिंगल कॉइल पिकअप, सहा स्क्रूवाला ट्रेमोलो ब्रिज (तारा अडकवलेला, दांडीने हलणारा भाग), स्केल (तारेची वाजणारी लांबी) २५.५ इंच, फिंगरबोर्डची रेडियस (गोलाई) ९.५ इंच. दिसायला इतकी सुंदर आहे की पहिल्या दिवशी नुसती मांडीवर घेऊन बसले होते, पण वाजवायला लागले तशी एकेक गोष्ट लक्षात यायला लागली आणि आता मला कळतच नाहीये की यातलं काय चालतं आणि काय नाही.

सगळ्यात आधी सहावी आणि पाचवी तार, म्हणजे सगळ्यात जाड दोन. मोकळी वाजवली तरी खरखर, आणि पहिल्या चार-पाच फ्रेटपर्यंत (नेकवरच्या, म्हणजे दांड्यावरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्या) ती तशीच राहते, वर गेलं की कमी होते. दुसरं म्हणजे दुसऱ्या तारेवर १४व्या फ्रेटला दाबलं की टक् असा आवाज येतो आणि सूर तिथेच संपतो, पण १५व्या फ्रेटला तीच तार एकदम स्वच्छ. पहिल्या तारेवरपण थोडं तसंच होतं. तिसरं, ट्यून करताना तिसरी तार मध्येच टिंग करते आणि सूर एकदम उडी मारतो, त्यामुळे बरोबर जागेवर आणताना दमछाक होते. आणि ट्युनरवर सगळ्या तारा बरोबर दाखवतोय तरी ओपन ई कॉर्ड वाजवली की ती कणसूर लागते, अकूस्टिकवर असं कधी जाणवलं नव्हतं. नेकच्या कडेने हात सरकवला की फ्रेटची टोकं हाताला लागतात, टोचत नाहीत पण खरवडतात. आणि ॲम्पमधून सतत घूं असा आवाज येतो.

परत करायला अजून नऊ दिवस हातात आहेत. दुकानवाले म्हणाले की नवीन गिटारला सेटअप करावाच लागतो, तेवढं केलं की सगळं ठीक होईल. इंटरनेटवर बघितलं तर प्रत्येक जण सांगतोय ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली सळई, फिरवा. मला भीती वाटतेय म्हणून अजून कशालाच हात लावलेला नाही. काय करू?

रात्रपाळी

सरळ परत करा. नवीन वस्तूला एवढे प्रॉब्लेम असतील तर पुढे डोकेदुखीच आहे. मी माझ्या पहिल्या गिटारला "होईल ठीक" म्हणत मुदत घालवली आणि नंतर दोन वर्षं तिच्याशी भांडत बसलो.

लाकूडवेडा

थांबा, घाई नको, नऊ दिवस पुष्कळ आहेत. मी बरीच वर्षं गिटार दुरुस्त करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही सहा गोष्टी सांगितल्यात आणि त्या सहाही वेगवेगळ्या जातीच्या आहेत. दुकानवाले म्हणतात ते अर्धं खरं आहे. नेकचा बाक, तारांची उंची, इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं), पिकअपची उंची, ह्या गोष्टी स्क्रूने बदलता येतात, कारखान्यातून निघाल्यावर प्रवासात आणि हवामान बदललं की त्या बदलतातच, त्याला दोष म्हणत नाहीत. पण एखादा फ्रेट बाकीच्यांपेक्षा वर आलेला असेल, नेकला पीळ पडलेला असेल, नेक वाकडी बसवल्यामुळे पहिली तार फिंगरबोर्डच्या काठावरून घसरत असेल, ट्रस रॉड फिरतच नसेल, तर त्याला सेटअप म्हणून कोणी गप्प करू नये. ते बनावटीतलं काम आहे आणि ते करून देणं विकणाऱ्याची जबाबदारी आहे.

तुमच्या वर्णनावरून मला १४व्या फ्रेटचीच काळजी वाटतेय. खालच्या फ्रेटची खरखर बहुतेक नेक जास्त सरळ झाल्याची आहे. पण त्याआधी एक प्रश्न, आणि याचं उत्तर नीट आठवून द्या: गिटारवर आत्ता ज्या तारा आहेत त्या आल्या तेव्हाच्याच आहेत की तुम्ही बदलल्या? बदलल्या असतील तर कुठल्या गेजच्या (जाडीच्या) काढल्या आणि कुठल्या टाकल्या?

आणि दोन मोजमापं घ्या. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर विकत घ्यायला धावू नका. १० गेजच्या पहिल्या तारेचा कापलेला तुकडा असेल तर तो ०.०१० इंच, म्हणजे ०.२५ मिमी जाड असतो, तोच गेज म्हणून वापरा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा, म्हणजे ताणलेली तार हीच तुमची सरळ पट्टी झाली. आता आठव्या फ्रेटच्या माथ्यावर आणि तारेच्या मध्ये तो तुकडा जातो का बघा. जेमतेम जात असेल तर रिलीफ, म्हणजे नेकचा बाक, छान आहे. मग कॅपो काढा आणि १७व्या फ्रेटवर तारेच्या खालच्या बाजूपासून फ्रेटच्या माथ्यापर्यंत स्टीलच्या पट्टीने उंची मोजा. फेंडरच्या सेटअप गाइडमध्ये ९.५ ते १२ इंच रेडियससाठी रिलीफ ०.२५ मिमी आणि १७व्या फ्रेटवर उंची १.६ मिमी दिलीय. तो काही कायदा नाही, जोरात वाजवणाऱ्याला जास्त लागते, पण सुरुवात तिथून करायची.

हे सगळं गिटार सुरात असताना आणि वाजवताना धरतो तशी धरून मोजायचं, टेबलावर आडवी ठेवून नाही, आडवी ठेवली की तिच्याच वजनाने नेक थोडी हलते.

सहातारी

लाकूडवेडा, खूप आभार. तारा मी बदलल्या 😟 गिटारच्या माहितीपत्रकात १०-४६ (पहिली तार ०.०१० इंच, सहावी ०.०४६) लिहिलं होतं, आणि सगळे म्हणतात इलेक्ट्रिकवर ९ च्या तारा हाताला हलक्या पडतात, बेंड (तार बाजूला ओढून सूर चढवणं) सोपे जातात, म्हणून आल्या दिवशीच ९-४२ टाकल्या. कशालाच हात लावला नाही असं मी वर लिहिलं ते स्क्रूबद्दल होतं, तारा बदलणं मी धरलंच नव्हतं. जुन्या तारा कापल्या नव्हत्या, गुंडाळून ठेवल्यात.

मोजलं. आठव्या फ्रेटवर तुकडा जातच नाहीये, तार फ्रेटला चिकटलेलीच दिसतेय, उजेडासमोर धरून बघितलं तरी फट नाही. १७व्या फ्रेटवर सहावी तार १.३ मिमी, पहिली १.२ च्या आसपास. अजून एक गोष्ट दिसली, ब्रिजची मागची कड बॉडीला टेकलेली आहे, दुकानातल्या फोटोत मात्र मागे थोडी फट दिसतेय.

लाकूडवेडा

बास, अर्धं कोडं सुटलं. यात तुमची चूक नाही, हे कोणी सांगतच नाही.

२५.५ इंच स्केलवर स्टँडर्ड ट्युनिंगला १०-४६ च्या सहा तारा मिळून नेकवर साधारण ४६-४७ किलोचा ताण देतात. ९-४२ टाकल्या की तो ३८-३९ वर येतो. म्हणजे एका दिवसात तुम्ही नेकवरचं आठेक किलो ओझं उतरवलं. नेकच्या पोटात जो ट्रस रॉड असतो तो तारांच्या उलट दिशेने ओढत असतो, गिब्सनमधल्या थॅडियस मॅकह्यूने १९२१ साली पेटंटचा अर्ज केला तो याच कामासाठी, आणि शंभर वर्षांत ते तत्त्व बदललेलं नाही. तारा पुढे ओढतात, रॉड मागे ओढतो, दोघांची बरोबरी झाली की नेकला हवा तेवढा हलकासा बाक राहतो. तुम्ही एका बाजूचे गडी कमी केले आणि रॉड होता तेवढ्याच जोराने ओढत राहिला, मग नेक सरळ झाली, कदाचित जरा मागेच गेली. वाजलेली तार मधल्या भागात सगळ्यात जास्त झुलते, तिला झुलायला जागाच उरली नाही, म्हणून मोकळी तार आणि खालचे फ्रेट खरखरायला लागले.

तीच गोष्ट ट्रेमोलोची. मागच्या झाकणाखाली ज्या स्प्रिंग आहेत त्या ब्रिजला मागे ओढतात आणि तारा पुढे. तारांचा जोर कमी झाला, स्प्रिंग जिंकल्या, ब्रिज बॉडीवर बसला, त्याबरोबर सॅडल (ब्रिजवरचे तारांचे आधार) खाली आले आणि ॲक्शनही, म्हणजे तारांची उंची, उतरली. म्हणजे एका तारबदलाने दोन्हीकडून उंची गेली.

आता माझं ऐकाल तर ट्रस रॉडला अजूनही हात लावू नका. त्या काढलेल्या १०-४६ परत चढवा, सुरात आणा, हाताने हलके ओढून ताणून घ्या, परत सुरात आणा आणि रात्रभर राहू द्या, नेकला नव्या ताणावर स्थिर व्हायला वेळ लागतो. आधी गिटार कारखान्यातून निघाली होती त्या अवस्थेत आणायची, मगच तिचा दोष कुठला आणि आपण केलेला बदल कुठला ते वेगळं करता येतं. नाहीतर तुम्ही रॉड फिरवाल, सॅडल उचलाल, स्प्रिंग सैल कराल आणि मग १४व्या फ्रेटबद्दल दुकानात विचारायला गेलात तर ते म्हणतील तुम्हीच बिघडवलंय.

१४व्या फ्रेटचं एक सांगतो. १४ वर दाबल्यावर सूर मरतो आणि १५ वर स्वच्छ, म्हणजे आरोपी १५वा फ्रेट आहे, १४वा नाही. दाबलेल्या फ्रेटच्या लगेच पुढचा फ्रेट वर आला असेल तर तार त्याच्यावर आपटते. एकाच वेळी तीनच फ्रेटला टेकेल एवढी छोटी सरळ कड घ्या, स्टीलच्या पट्टीचं टोक चालेल पण ते खरंच सरळ हवं, आणि १४, १५, १६ वर दुसऱ्या तारेखाली ठेवून दोन्ही बाजूंनी आळीपाळीने दाबा. झोपाळ्यासारखी टकटक हलली तर मधला फ्रेट उंच आहे. मग १३-१४-१५ आणि १५-१६-१७ वरही बघा, तिथे हलत नसेल तर खात्री झाली. हे तारा काढलेल्या असतानाच करून घ्या, सोपं जातं.

सोल्डरगन

घूं आवाजाबद्दल मी बोलतो. सिंगल कॉइलमध्ये तो असतोच, पिकअप म्हणजे चुंबकाभोवती हजारो वेढ्यांची तारेची गुंडाळी, ती तारेची कंपनं पकडते तशी आजूबाजूच्या वीजेच्या वायरींचं आणि ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्रही पकडते. मेनच्या फ्रीक्वेन्सीचा, म्हणजे ५० किंवा ६० हर्ट्झचा आणि त्याच्या पटीतला गुंजारव. प्रश्न एवढाच की तुमच्याकडचा तेवढाच आहे की अर्थिंगची वायर निघालीय.

टेस्ट अशी. ॲम्प चालू, गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण, हात तारांपासून लांब. आता तारांना किंवा ब्रिजला हात लावा. घूं कमी झाला तर वायरिंग ठीक आहे, ब्रिजला जाणारी ग्राउंड वायर जोडलेली आहे. काहीच फरक पडला नाही तर ती सुटलेली असू शकते. हात लावल्यावर वाढला तर जॅकवरच्या दोन वायरी उलट्या लागल्याची शक्यता जास्त. या दोन्ही गोष्टी सोल्डरच्या एका टाक्याच्या आहेत पण नवीन गिटारवर तुम्ही का करायच्या, यादीत लिहून दुकानाला द्या. आणि हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, शॉक बसल्यासारखं वाटलं तर ताबडतोब ॲम्प बंद करा, तो ॲम्पचा किंवा भिंतीतल्या सॉकेटच्या अर्थिंगचा प्रश्न आहे, तसं वाजवत राहू नका.

सिलेक्टर (पिकअप निवडायचा खटका) दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर ठेवूनही बघा. मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असेल, हल्ली बऱ्याच गिटारवर असतो, तर तिथे घूं एकदम विरतो. तसं झालं तर बाकी तीन जागांवरचा आवाज हा पिकअपचा स्वभाव आहे, बिघाड नाही. उभं राहून जागेवर गोल फिरा, एका दिशेला तो खूप कमी होतो, मी तर रेकॉर्डिंगला खुर्ची त्या दिशेलाच लावतो.

बाकी नॉब फिरवताना खरखर असेल तर वीस-तीस वेळा पूर्ण फिरवून बघा, आतली धूळ बऱ्याचदा तेवढ्याने जाते. आणि जॅकचा नट सैल असेल तर बाहेरून पान्याने पिळू नका, आत जॅकच फिरतो आणि वायर तुटते. प्लेट काढून जॅक आतून धरायचा आणि मग नट आवळायचा.

तिसरी तार

माझा आवडता विषय आला म्हणून लिहितेय, ओपन ई कॉर्ड कणसूर का लागते. यात तीन-चार कारणं एकत्र असतात आणि म्हणून माणूस वैतागतो.

ई कॉर्डमध्ये तिसरी तार पहिल्या फ्रेटला दाबतो, तो त्या कॉर्डचा मेजर थर्ड. गिटारचे फ्रेट बारा समान भागांच्या हिशोबाने बसवलेले असतात, आणि त्या हिशोबात हा सूर शुद्ध गंधारापेक्षा साधारण १४ सेंट (अर्ध्या सुराचे शंभर सेंट) चढा असतो. ज्याचा कान शुद्ध गंधारावर तयार झालाय त्याला तो टोचतोच. हे जगातल्या प्रत्येक फ्रेटवाल्या गिटारवर आहे, तुमच्या अकूस्टिकवरही होतं, पण तिथे तिसऱ्या तारेवर वेटोळं असतं आणि इलेक्ट्रिकवर ती नुसती साधी तार असते, जाड आणि कडक, ती दाबली की सूर जास्त चढतो. त्यात तुम्ही अकूस्टिकच्या सवयीने ९ च्या तारा दाबताय, म्हणजे बोटाच्या जोरानेच आणखी चढ.

आणि तिसरं कारण नट, म्हणजे नेकच्या टोकाची खाचांची पट्टी. तुमची तिसरी तार टिंग करते म्हणालात ना, म्हणजे नटच्या खाचेत ती अडकते, ताण साठतो आणि एकदम सुटतो. ती खाच अरुंद आहे किंवा नीट घासलेली नाही, आणि अशा नटच्या खाचा पुष्कळदा वरही ठेवलेल्या असतात. बघायला सोपं आहे: तार तिसऱ्या फ्रेटला दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर फट बघा. केसाएवढी फट हवी, टिचकी मारल्यावर तार जेमतेम हलली पाहिजे. खूप मोठी फट दिसली तर पहिल्या फ्रेटला दाबताना तार लांब खाली जाते आणि सूर चढतो. मग तुम्ही ट्युनरवर कितीही नेमकं मिळवा, मोकळी तार बरोबर आणि पहिले तीन फ्रेट चढे.

टिंगसाठी खाचेत मऊ पेन्सिलचं शिसं भरा, ग्रॅफाइटने तार सरकते, फुकटचा उपाय आहे आणि काही बिघडत नाही. खाच खोल करणं मात्र कानशीने घरी करू नका. एक घासा जास्त गेला की मोकळी तार खरखरते आणि मग नवा नटच. हे मी केलंय, पहिल्याच गिटारवर, आणि खूप वाईट वाटलं होतं.

ट्यून नेहमी खालून वर करत आणा. सूर चढला तर पुरता खाली उतरवून पुन्हा वर न्या, म्हणजे खुंटीच्या गिअरमधला सैलपणा मध्ये येत नाही.

इंटोनेशन सगळ्यात शेवटी. बाकी सगळं बसल्यावर, बऱ्या तारांवर, १२व्या फ्रेटचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि १२व्यालाच हलक्या हाताने दाबलेला सूर ट्युनरवर ताडून बघायचा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर सॅडल नेककडे. प्रत्येक वेळी सॅडल हलवल्यावर परत ट्यून करून मगच बघायचं. बरोबर झाल्यावर सॅडल एका रेषेत दिसणार नाहीत, तीन पातळ तारांचा एक तिरका जिना आणि तीन जाड तारांचा दुसरा दिसेल, ते बरोबर आहे, बघून घाबरू नका.

सहातारी

दोन दिवसांनी लिहितेय. काल १०-४६ परत चढवल्या, आज सकाळी मोजलं. आठव्या फ्रेटवर ९ च्या पहिल्या तारेचा सुटा तुकडा सहज जातोय आणि १० चा घासून जातोय. ब्रिजच्या मागे फट आली, पट्टीने बघितलं तर तीन मिमीच्या जवळपास. १७व्या फ्रेटवर सहावी तार १.७. आणि मोकळ्या तारेची खरखर गेली!! एकही स्क्रू न फिरवता. मला खरंच वाटत नव्हतं.

पण १४वा फ्रेट तसाच. दुसऱ्या तारेवर सूर मरतो, आता टक् ऐवजी झर्र येतं एवढंच. तारा काढल्या होत्या तेव्हा पट्टी ठेवून बघितली, १४-१५-१६ वर टकटक हलते, पहिल्या आणि दुसऱ्या तारेखाली जास्त, सहाव्या तारेच्या बाजूला अजिबात नाही. १३-१४-१५ वर हलत नाही. म्हणजे १५वाच ना?

हात लावल्यावर घूं कमी होतो, आणि सिलेक्टर दोन आणि चारवर जवळजवळ जातोच, सोल्डरगन तुमच्यामुळे एक काळजी मिटली. नटची फट तिसऱ्या तारेला बाकीच्यांपेक्षा दुप्पट तरी आहे, पेन्सिल लावल्यावर टिंग कमी झालं पण गेलं नाही.

लाकूडवेडा

हो, १५वाच, आणि पहिल्या तारेच्या बाजूला वर आलाय. फ्रेटचं एक टोक खाचेत पूर्ण बसलेलं नाही असं होतं. एक करून बघा, पट्टी तिथेच ठेवून १५व्या फ्रेटच्या त्या टोकावर लाकडाच्या तुकड्याने घट्ट दाबा. दाबल्यावर टकटक थांबली आणि सोडल्यावर परत आली तर फ्रेट सैल आहे. थांबली नाही तर फ्रेट घट्ट बसलाय पण उंच आहे, मग त्याला घासून परत गोल माथा द्यावा लागतो.

दोन्ही कामं माझ्यासारख्याला अर्ध्या तासाची आहेत. सैल असेल तर ठोकून आणि चिकटवून बसतो. त्यामुळे गिटार तुम्हाला मनापासून आवडली असेल, नेक हाताला छान लागत असेल, तर वॉरंटीत दुरुस्त करून घ्या असं मी म्हणेन. आवडती नेक परत मिळेलच असं नसतं.

रात्रपाळी

माझं मत अजून तेच. दुरुस्ती केल्यावर परत करायची मुदत संपलेली असेल, आणि हवा बदलल्यावर तोच फ्रेट परत वर आला तर? आत्ता हातात पर्याय आहे तर बदलून घ्या. तक्रार मात्र "खरखरते" अशी लिहू नका, त्याला उत्तर सेटअप असंच येतं. "१५वा फ्रेट पहिल्या-दुसऱ्या तारेखाली उंच आहे, मूळ गेजच्या तारा, रिलीफ ०.२५, ॲक्शन १.७, तरीही १४व्याला सूर दबतो" असं लिहा आणि पट्टी हलतानाचा व्हिडिओ जोडा.

लाकूडवेडा

रात्रपाळींचा हा मुद्दा मला पटला, विशेषतः फ्रेट सैल निघाला तर. एक सैल असेल तर बाकीच्यांच्या खाचाही कशा कापल्या असतील ही शंका राहते. आणि तक्रार अशीच लिहायची.

फ्रेटच्या टोकांबद्दल राहिलं होतं. लाकूड वाळलं की आडव्या बाजूने आकसतं, धातूचा फ्रेट आकसत नाही, म्हणून टोकं बाहेर येतात. गिटार ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत ठेवली की थोडं कमी होतं. कोरडी हवा हे कारण असेल तर बदलून आलेल्या गिटारलाही थोडी टोकं लागतील, तेवढ्यावरून ती नाकारू नका, बारीक कानशीने तिरकं घासून ती कायमची जातात. हात कापला जात असेल तर मात्र ते निष्काळजी काम आहे.

सहातारी

टोकावर दाबल्यावर टकटक थांबली, सोडली की परत. सैल आहे. रात्रपाळींनी सांगितलं तसंच लिहून व्हिडिओ पाठवला, आणि या वेळी कोणी सेटअपचं नाव काढलं नाही, दुसऱ्याच दिवशी बदलून द्यायला तयार झाले.

सहातारी

बदललेली गिटार आली, कालच. आधी दोन तास खोक्यातच राहू दिली, मग बाहेर काढून सुरात आणली आणि सगळं त्याच क्रमाने बघितलं. पहिल्यापासून शेवटच्या फ्रेटपर्यंत तीन-तीन करत पट्टी फिरवली, सहाही तारांखाली, कुठेही हलली नाही. नंतर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटला वाजवली, सगळे सूर येतायत. पहिली आणि सहावी तार दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर आहेत. रिलीफ ०.२५ पेक्षा थोडा जास्त वाटतोय पण खरखर नाही म्हणून तसाच ठेवलाय. टोकं हिचीपण थोडी लागतात. तिसरी तार इथेही टिंग करत होती, पेन्सिलने गेलं. ई कॉर्ड अजून थोडी टोचते, पण हलकं दाबायला लागल्यापासून बरीच बरी झालीय. आणि दुसऱ्या तारेवर १४व्या फ्रेटला बेंड केला, सूर लांबपर्यंत टिकला, मी तो एकच सूर किती वेळ वाजवत होते कोण जाणे.

आता एकच. मला ९ च्या तारा अजूनही हव्या आहेत, १० वर पूर्ण सुराचा बेंड जातच नाही माझ्याने. या वेळी कुठल्या क्रमाने करू?

लाकूडवेडा

छान झालं, मनापासून आनंद झाला. परत करायची मुदत संपेपर्यंत १० वरच वाजवा. मग ९-४२ चढवा, सुरात आणा. मागचं झाकण काढा, स्प्रिंग ज्या पंजाला अडकवलेल्या असतात त्याचे दोन स्क्रू अर्धा-अर्धा फेरा सैल करत जा, प्रत्येक वेळी परत ट्यून करा, ब्रिजच्या मागे तीन मिमी फट आली की थांबा. एका तारेला सुरात आणलं की बाकीच्या उतरतात, फ्लोटिंग ब्रिजचं ते तसंच असतं, चार-पाच फेऱ्या माराव्या लागतील. मग रिलीफ मोजा. फट गेली असेल तर ट्रस रॉड डावीकडे, म्हणजे सैल, एक अष्टमांश फेरा. परत ट्यून, परत मोजा, नाही पुरलं तर आणखी एक अष्टमांश, आणि एका दिवसात पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही. ॲलन की रॉडच्या तोंडात पूर्ण आत गेल्याशिवाय फिरवू नका, अर्धवट बसली तर कोपरे झिजतात आणि मग ती दुरुस्ती मोठी आहे.

मग सॅडलची उंची, मग इंटोनेशन. आणि शेवटी पिकअप बघा, शेवटच्या फ्रेटला तार दाबून सहाव्या तारेखाली २ मिमी आणि पहिलीखाली १.६ मिमी, फेंडरचे आकडे आहेत. त्याहून जवळ आणले तर चुंबक तारेला ओढतो आणि वरच्या फ्रेटवर जाड तारा विचित्र डगमगत्या सुरात वाजतात, मग माणूस परत इंटोनेशन चुकलं म्हणून सॅडल फिरवत बसतो.

सहातारी

हे सगळं वहीत उतरवून घेतलंय. मुदत गुरुवारी संपतेय, शुक्रवारी रात्री तारा बदलते आणि आकडे इथे टाकते.